फोड एक, रोग अनेक

आपल्या वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याजवळ, एक जुने टेकाड होते. एकोणिसाव्या शतकात गावचे लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. उंचवटा दिसे, वर झाडझाडोरा माजलेला, इकडेतिकडे विटा पडलेल्या; तेव्हा कुणा राजाचा कोट असणार, असे लोकांनी ठरवून टाकले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड मधोमध खणले. पोटात विटांचे बांधकाम लागले, त्यात दगडी पेटी, पेटीत बुद्धमूर्ती आणि एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. तो कोट नव्हताच. तो बौद्ध स्तूप होता. लोक काही खोटे बोलत नव्हते. बाहेरून जेवढे दिसले तेवढ्यावरून त्यांनी नाव ठेवले होते, एवढेच.

माणसाच्या अंगावर उठणाऱ्या फोडांचेही असेच झाले आहे. वरून सगळे सारखे दिसतात, म्हणून त्यांना एकच नाव मिळते. आणि नाव चुकले की उपचार चुकतो. हे फोड 'खणून' पाहायला माणूस कसा शिकला, त्याचा इतिहास आज सांगणार आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवणारा मास्तर आहे. या विषयाकडे मला वळवले ते माझ्या एका मावशीच्या दुखण्याने.

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. त्या वेळी आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा पुढे २०१४ साली झाला. मावशीच्या तोंडात फोड आले आणि चार महिने झाले तरी बरे होईनात. घरच्यांनी म्हटले, उष्णता आहे. सब्जा झाला, गुलकंद झाला, ताक झाले. मग छातीवर आणि पाठीवर पाणी भरलेले मऊ फोड उठले. शेजारणीने पाहून सांगितले, 'ही नागीण.' गेरूचा लेप सुरू झाला. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो, या धास्तीने घरातल्या बायका रोज दोरीने अंतर मोजू लागल्या. शिवाय ते लागट असेल म्हणून मावशीचे ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळे झाले. ज्या बाईने सगळ्या नातवंडांना मांडीवर वाढवले, तिच्याजवळ एकही पोर जाईना. दुखण्यापेक्षा तिला तेच जास्त लागले, असे ती पुढे म्हणे.

शेवटी एका तरुण डॉक्टरने तिला पाहिले. फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर त्याने बोट दाबून किंचित सरकवले, तर वरची साल बोटाबरोबर निघून आली! तो म्हणाला, 'उद्याची वाट पाहू नका. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या.' दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने आम्ही तिला नेले. तिथे भुलीचे इंजेक्शन देऊन एका नव्या फोडाच्या कडेचा छोटासा तुकडा काढून घेतला. मी विचारले, 'डॉक्टरसाहेब, फोड तर डोळ्यांना दिसतोच आहे. तुकडा कशाला?' ते म्हणाले, 'फोड दिसतो हो. पण कातडी कुठल्या थरात फाटली आहे, ते वरून दिसत नाही.'

कुठल्या थरात फाटली? श्रोतेहो, हा एवढा साधा प्रश्न विचारायला जगाला फार वर्षे लागली.

फोड जुनेच आहेत. आपल्याकडे 'माधवनिदान' या ग्रंथात विस्फोटावर स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रीक भाषेत फोडाला 'पेम्फिक्स' म्हणत. त्यावरून 'पेम्फिगस' हा शब्द आला आणि १७९१ साली जर्मनीतल्या विख्मान नावाच्या डॉक्टरने दीर्घकाळ टिकणाऱ्या फोडांच्या रोगाला तो लावला. १८४४ साली पॅरिसच्या काझेनाव्ह यांनी पापुद्रे सुटणारा एक प्रकार वेगळा काढला. १८८४ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या ड्यूरिंग यांनी अतिशय खाज सुटणाऱ्या, पुंजक्यांनी येणाऱ्या फोडांचा एक रोग सांगितला. पण ही सगळी वर्गवारी मुख्यतः डोळ्यांवर चालली होती: फोड मोठा की लहान, घट्ट की सैल, खाज आहे की नाही. त्यामुळे एकाच नावाखाली दोन-तीन रोग नांदत होते. 'पेम्फिगस' म्हटलेला एक रोगी वर्षभरात जाई, तर तेच नाव मिळालेला दुसरा दहा वर्षे जगे. असे का, ते सांगता येत नसे.

डोळ्यांनी ओळखण्याची कला कमी दर्जाची होती, असे मात्र समजू नका. देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर दाट येत, तळहाताला व तळपायालाही येत आणि एका जागचे सगळे फोड एकाच अवस्थेत असत. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर जास्त. त्यात काही नवे, काही भरलेले, काही खपली धरलेले. एवढ्या फरकावर नजर ठेवून, हातात रोगाचे चित्र असलेली कार्डे घेऊन, कार्यकर्ते बाजारांतून आणि शाळांतून फिरले. १९७५ साली भारतातल्या देवीच्या शेवटच्या रोग्याची नोंद झाली आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. पण जिथे डोळ्याला संशय येई तिथे फोडातले पाणी आणि खपल्या प्रयोगशाळेत जात. सारांश, नजर हवीच. पण नजरेचा शब्द शेवटचा नव्हे.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ साली मांडले की रोग म्हणजे शरीरातल्या सूक्ष्म पेशींचे बिघडणे होय. त्याच वर्षी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. वैद्यकाचे विद्यार्थी आजही 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' वाचतात, त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे याच माणसाने काढलेली. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचा पाय सुजून त्यातून काळे-पांढरे दाणे गळत, त्या रोगाला 'मदुरा पाय' म्हणत. कार्टरने ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, त्यात बुरशी ओळखली आणि १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे असेही कळले की काही दाण्यांत बुरशी असते तर काहींत जिवाणू, आणि दोन्हींचे औषध निराळे. म्हणजे एकच सुजलेला पाय, पण रोग दोन!

ही तुकडा पाहण्याची विद्या आपल्या माणसांनीही पुढे नेली. डॉक्टर वसंत रामजी खानोलकर हे त्यातले थोर नाव. मुंबईत त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोग आणि कुष्ठरोग यांच्या ऊतींवर, म्हणजे पेशींच्या थरांवर, त्यांनी केलेले काम जगात मान्य झाले.

पण फोडांच्या बाबतीत एक अडचण होती. मदुरा पायात गुन्हेगार हाती लागत असे. बुरशी दिसत असे. आपण ज्या फोडांविषयी बोलतो आहोत, त्यात बुरशी नाही, जंतू नाही. काच कितीही न्याहाळली तरी चोर सापडेना. तेव्हा 'कोणी फाडले' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कुठे फाटले' असे विचारणे भाग होते.

आपली कातडी कशी असते ते आधी पाहू. घराच्या भिंतीची कल्पना करा. खाली जोते, त्यावर विटांचे थर, आणि विटांमध्ये चुना. वरची बाह्यत्वचा म्हणजे ही विटांची भिंत. एकेक पेशी म्हणजे एकेक वीट. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सूक्ष्म सांधे म्हणजे चुना. आणि खालची अंतस्त्वचा म्हणजे जोते. भिंत आणि जोते यांमध्ये एक पातळ पडदा असतो; तो भिंतीला जोत्यावर घट्ट बसवतो. आता ही भिंत दोन तऱ्हांनी बिघडेल. चुना गेला तर विटा सुट्या होतील. किंवा चुना शाबूत राहून सबंध भिंतच जोत्यावरून उचलली जाईल. दोन्हीकडे मध्ये पाणी भरते. दोन्हीकडे वरून दिसतो तो फोडच!

व्हिएन्नाच्या हाइनरिश आउस्पिट्झ यांनी १८८१ सालीच पेशी एकमेकींपासून सुटतात हे पाहून त्या क्रियेला नाव दिले होते. १८९६ साली रशियन डॉक्टर निकोल्स्की यांनी बोटाने कातडी सरकवून पाहण्याची ती खूण सांगितली. माझ्या मावशीची कातडी त्या तरुण डॉक्टरने तपासली, ती याच खुणेसाठी. पण हे निरीक्षण निरनिराळे रोग वेगळे काढायला कुणी नीट वापरले नाही. ते जवळजवळ साठ वर्षे तसेच पडून राहिले. १९४३ साली पॅरिसच्या आशिल सिव्हात यांनी दाखवले की खऱ्या पेम्फिगसमध्ये पेशी सुटतात; ड्यूरिंगच्या खाजऱ्या रोगात तसे होत नाही. १९४७ साली पॅरिसच्याच आर्नो त्झांक यांनी सोपी युक्ती सांगितली: फोडाचा तळ खरवडावा, काचेवर पसरावा, रंग द्यावा आणि पाहावे. पेम्फिगस असेल तर सुट्या, गोल झालेल्या पेशी दिसतात. कांजिण्या किंवा नागीण असेल तर अनेक केंद्रके असलेल्या मोठाल्या पेशी दिसतात. गेरूचा लेप चार आठवडे लावून जे कळले नाही, ते या खरवडीतून तासाभरात कळू शकते.

आणि मग आले १९५३ साल. अमेरिकेत बोस्टन येथे वॉल्टर लिव्हर यांनी रोग्यांचे तुकडे आणि त्या रोग्यांचे पुढे काय झाले, हे दोन्ही शेजारी ठेवून तपासले. तेव्हा उलगडा झाला. ज्यांची भिंत आतून सुटत होती, म्हणजे विटा मोकळ्या होत होत्या, त्यांचे फोड सैल, चटकन फुटणारे, बहुधा तोंडातून सुरू होणारे. आणि हेच रोगी मृत्यूच्या दारात जात. हा खरा पेम्फिगस. ज्यांची सबंध भिंत जोत्यावरून उचलली जात होती, त्यांचे फोड घट्ट, टम्म फुगलेले, बहुधा म्हाताऱ्या माणसांना होणारे. आणि त्यांचे जगणे पुष्कळ बरे. या दुसऱ्या रोगाला लिव्हर यांनी 'बुलस पेम्फिगॉइड' हे निराळे नाव दिले. शंभर-दीडशे वर्षांचा घोळ एका प्रश्नाने सुटला.

हे दृश्य तयार होते तरी कसे? काढलेला तुकडा औषधी पाण्यात टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे काप काढतात. एका मिलिमीटरचे दोनशे भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा पातळ काप! त्याला निळा-गुलाबी रंग देतात. पेम्फिगसमध्ये तळाच्या पेशींची एकच रांग जोत्याला चिकटून उभी राहिलेली दिसते, वरच्या सुटून गेलेल्या. आपल्याकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत शिळा ओळीने उभ्या असतात ना, अगदी तसे ते दिसते.

नाव बरोबर पडण्याच्या सुमारासच औषधही आले होते. स्टेरॉइड औषधांपूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रोगी काही वर्षांत दगावत. तोंड सोलवटलेले, म्हणून अन्न जात नसे. अंग सोलवटलेले, म्हणून पाणी झिरपे आणि जंतू शिरत. १९५० नंतर कॉर्टिसोन आणि त्याच्या जातीची औषधे मिळू लागली व चित्र पालटले. पण ही औषधे दुधारी आहेत. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतूंशी लढण्याची ताकद घटते. म्हणून कोणाला किती आणि किती दिवस द्यायची, हे ठरवायला रोगाचे नाव नक्की ठाऊक असावे लागते. दुकानातून आपल्या मनाने आणून घेण्याचे हे औषध नव्हे, बरं का.

मात्र चुना का सुटतो, हे अजून कळले नव्हते. १९६४ साली अमेरिकेतल्या बफेलो येथे ब्यूटनर आणि जॉर्डन या दोघांनी चमकणारा रंग जोडलेली द्रव्ये वापरून त्याचा माग काढला. पेम्फिगसच्या रोग्याच्या रक्तातच अशी प्रतिद्रव्ये निघाली, की जी आपल्याच पेशींच्या सांध्यांना चिकटतात. राखणदारानेच घराचा चुना खरवडावा, तसा हा प्रकार! खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक पेशींच्या कडेकडेने दिसते. अर्नाळ्याच्या कोळ्यांनी वाळत घातलेले जाळे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. १९६७ साली पेम्फिगॉइडमध्ये ती चमक जोत्याच्या पडद्यावर, एका सरळ रेषेत दिसली. पुढे १९९१ साली, ही प्रतिद्रव्ये पेशींना जोडणाऱ्या नेमक्या कुठल्या प्रथिनावर हल्ला करतात, तेही उमगले.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या मिठागरांच्या मुलखाला ती आवडेल. भिंत जोत्याच्या वर फाटते की जोत्याच्या पोटात, हेही वेगळे करावे लागते, कारण तेही दोन रोग आहेत. त्यासाठी चांगल्या कातडीचा तुकडा लिटरला सुमारे ५८ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ठेवतात. मिठाच्या पाण्याने कातडी जोत्याच्या पडद्यातच अलगद दुभंगते. मग रोग्याच्या रक्ताचा निवळ त्यावर घालून पाहतात. चमक वरच्या पदराला लागली तर बहुधा पेम्फिगॉइड. खालच्या पदराला लागली तर दुसराच रोग. ही रीत १९८४ साली प्रसिद्ध झाली. साध्या मिठाने एवढा न्याय होतो!

त्याच सुमारास आपल्या देशातही मोठे काम झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टर जे. एस. पसरीचा यांनी १९८० नंतरच्या वर्षांत पेम्फिगससाठी नवी पद्धत बसवली. दर २८ दिवसांनी तीन दिवस लागोपाठ शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस, त्यांपैकी एका दिवशी सोबत दुसरे एक औषध, आणि मधल्या दिवसांत त्या दुसऱ्या औषधाची लहान गोळी. युरोपात पेम्फिगॉइड जास्त. आपल्याकडे पेम्फिगस जास्त, आणि तोही ऐन कर्त्या वयात. तेव्हा या पद्धतीने देशातल्या कितीतरी घरांचे कर्ते माणूस वाचले. अलीकडे रिटुक्सिमॅब नावाचे औषधही वापरात आले आहे.

आमच्या मावशीच्या तुकड्यात ती शिळांची रांग दिसली. डॉक्टरांनी आम्हाला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: हा पेम्फिगस आहे, उपचार लांब चालेल. दुसरी: हा रोग स्पर्शाने लागत नाही. दुसरी गोष्ट ऐकून मावशीचा थोरला मुलगा तिथेच बाकावर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. त्या संध्याकाळी घरी तिचे ताट पुन्हा सगळ्यांच्या पंगतीत आले. पुढे दर महिन्याला तीन दिवस इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या, तब्बल दोन वर्षे. मधुमेह जडला, हात थोडे थरथरू लागले. पण ती बरी झाली, आणि नंतर पंधरा वर्षे जगली. नातवाचे लग्न तिने मांडवात बसून पाहिले.

सूक्ष्मदर्शकही चुकतो, हेही सांगायला हवे. तुकडा जुन्या, फुटलेल्या फोडाचा असेल तर काहीच कळत नाही. कोवळा फोड हवा, त्याची कड हवी; आणि चमक पाहायची असेल तर शेजारची न फुटलेली कातडी हवी. म्हणजेच रोगी वेळेवर यायला हवा. आपण महिनोन्‌महिने लेप लावत बसलो तर उत्तम काच असून काय उपयोग?

म्हणून श्रोत्यांना माझी विनंती आहे. तोंडातले फोड तीन आठवड्यांत बरे झाले नाहीत, अंगावर पाण्याचे फोड पसरत चालले, किंवा बोट लावताच साल निघू लागली, तर घरच्या घरी नाव ठेवू नका. सरकारी इस्पितळाच्या त्वचारोग विभागात जा. तुकडा काढायचा म्हटले की भिऊ नका. जखम मसुराच्या दाण्याएवढी असते. खरी नागीण असली, तरी तिचीही दोन तोंडे मिळून कुणी मरत नाही. आणि लवकर दिल्यास तिच्यावरही औषध चालते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आणखी एक सांगणे. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर तो कपाटात कुलूपबंद ठेवू नका. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवा आणि मुलांना पेशींची ती विटांची भिंत एकदा दाखवा. मग विचारा, 'यातला चुना गेला तर काय होईल?' एखाद्या मुलाने घरी जाऊन आजीला तेवढे सांगितले, तर कदाचित एका घरात एक ताट वेगळे व्हायचे वाचेल.

नालासोपाऱ्याच्या त्या टेकाडाला आता कुणी बुरूड राजाचा कोट मानत नाही. तिथे स्तूप आहे, हे शाळेतली पोरेही सांगतात. एका माणसाने मधोमध खणून थर पाहिले, म्हणून ते कळले.